लपवलेला मार, उडणारा डोळा

माझा डावा डोळा जवळजवळ महिनाभर नाडीसारखा उडत होता. पापणी नव्हे, डोळाच. पापणी उडाली की आपल्याकडच्या बाया डावी का उजवी ते विचारतात आणि शुभ-अशुभ सांगून मोकळ्या होतात. माझं तसं नव्हतं. बुबुळासकट अख्खा डोळा खोबणीतून पुढे आला होता आणि छातीच्या प्रत्येक ठोक्याला हलायचा. आज तो जागेवर आहे. त्याला दिसतं. पूर्ण नाही, पण दिसतं. जेवढं गेलं, त्यात माझाच हात आहे, म्हणून हे सांगायला बसले.

मी बोलते आणि माझी लेक पल्लवी टाइप करते. ती माझं वऱ्हाडी सुधारून पुस्तकी करते, करू दे. माणसं बोलली तिथे मात्र मी तिला हात लावू देत नाही. मी मंदा, वय अठ्ठेचाळीस. बाळापूरजवळ आमची कापूस-तुरीची शेती आहे. घरात आमचे हे आणि माझे सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. पल्लवी अमरावतीला बँकेत आहे, तिथेच खोली घेऊन राहते.

पोळ्याच्या दिवशी

आमची शेती आता ट्रॅक्टरनं होते, पण मामाजींनी एक बैलजोडी सोडली नाही. त्यातला हिऱ्या माझा. माझा म्हणजे, तो आठ दिवसांचा असताना त्याची माय मेली आणि मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. पल्लवी म्हणते, माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त झाले. खरं आहे ते.

मामाजींचा एक नियम होता. घरच्या बाईवर ज्या जनावरानं शिंग उगारलं, त्याला दावणीला ठेवायचं नाही. फार वर्षांपूर्वी एका बैलानं सासूबाईंचं मनगट मोडलं, तर त्यांनी तो पुढच्याच बाजारात विकून टाकला. नंतर त्याचं नाव घरात कोणी काढलं नाही.

पोळा फुटल्यावर मामाजी जोडी घेऊन दारात आले. मी हिऱ्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी त्याच्या तोंडात दिली. मामाजी दुसऱ्या बैलाची झूल सोडायला गोठ्याकडे वळले. तेवढ्यात हिऱ्याच्या कानाजवळ गोमाशी बसली आणि त्यानं मान झटकली. राग नव्हता हो त्याच्यात, माशी होती! पण शिंग माझ्या कानशिलावर बसलं आणि मी मागच्या मागे ओट्याच्या दगडावर डोक्यानं आपटले.

अंधारी आली. मिनिटभर बसून राहिले, मग उठले, पूजेचं ताट गोळा केलं. केसांत हे एवढं टेंगूळ आलं होतं, त्यावर पदर घेतला. पोळ्याच्या दिवशी बैलाचं वाईट बोलत नाहीत, हे एक. आणि बोलले असते तर आठवड्याच्या आत हिऱ्या बाजारात उभा असता, हे दुसरं. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

औषधाचा वारा

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी मला फवारणीच्या पंपाचा आवाज आला. हातानं दांडा मारायचा पंप असतो ना पाठीवरचा, तसा. फुस्स, फुस्स, फुस्स. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेले. शेजारच्या वावरातली कमल तण निंदत होती.

"कमल, इतक्या सकाळी कोण फवारून राह्यलं वो?"

"कोणीच नाई, बाई. एवढ्या वाऱ्यात कोण फवारते?"

मी कान दाबून पाहिले. बाहेरचं सगळं बंद झालं आणि आतला पंप उलट जोरात चालू लागला. आवाज माझ्याच डोक्यात होता. पण हेही मी गिळलं. बाईच्या डोक्यात आवाज येतात म्हटलं की लोक डॉक्टरकडे नेण्याआधी भगताकडे नेतात.

मग डोळा लाल झाला. डोळे येतात तसा पाणेरी लाल नव्हे. पांढऱ्या भागावर जाड, नागमोडी शिरा दिसायच्या. दिवस फवारणीचे होते, त्यामुळे साऱ्या गावानं निदान करून टाकलं, की औषध उडालं असणार. पिकावर मारतो ते विष, पण आम्ही त्याला औषधच म्हणतो. आमचे हे तर चिडलेच.

"तुले दहा खेपा सांगतलं, फवारणी चालू असतांनी वावरात जाऊ नको म्हनून! लागला ना औषधाचा वारा?"

खरं सांगते, मला बरंच वाटलं. आयतं कारण मिळालं. बाळापूरच्या डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं आणि त्यांनी त्यावरचे थेंब दिले. मी काळा गॉगल लावून हिंडू लागले. कमल म्हणाली, "काय वो, हिरोईन झाली का?" मीही हसले. पण गॉगलच्या आत डोळा रोज थोडा पुढे येत होता, आणि एकाचे दोन दिसायला लागले होते. चहा कपाच्या शेजारी ओतायचे. नवरे दोन दिसायचे. मला एकच झेपत नव्हता!

एका सकाळी मी गॉगल काढून चहा गाळत होते. हे समोर बसले होते.

"अवं, तुहा डोया उडून राह्यला."

"पापणी उडत असंन."

"पापणी नाई. डोया. इकडे पाय बरं." त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिले. चहा तसाच ठेवून ते उठले आणि अकोल्याला जायचं म्हणून कपडे बदलायला गेले.

अकोल्यात बोललेलं खोटं

मामाजीही आमच्याबरोबर आले. म्हणाले, "तिचा बाप नाई आता. मी आहो." एसटीनं अकोला, तिथून ऑटोनं डोळ्यांचा दवाखाना. आमचे हे केसपेपर काढायला खिडकीवर उभे राहिले आणि डॉक्टरांपुढे मी आणि मामाजी बसलो.

डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी डोळा सगळीकडून पाहिला, बोटानं हलकेच दाबून पाहिला, आणि अगदी नेमका प्रश्न विचारला. "गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का? पडलात, गाडीवरून घसरलात, काही?"

मामाजी माझ्या शेजारच्या स्टुलावर होते.

"नाही," मी म्हणाले.

"नीट आठवा."

"नाही म्हटलं ना डॉक्टर."

त्यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक थायरॉइडची रक्ततपासणी, कारण त्यानंही डोळे पुढे येतात. दुसरी, डोक्याचा एमआरआय. "हा मात्र टाळू नका," असं ते दोनदा म्हणाले. मी टाळला. रक्त दिलं आणि घरी सांगितलं की रिपोर्ट आल्यावर पुढचं बघू. थायरॉइड निघावा म्हणून मी देवाला हात जोडत होते. माणूस एखाद्या आजारासाठी नवस बोलतो, असं कधी ऐकलंय का? मी बोलले. त्यात बारा दिवस गेले आणि रिपोर्ट चांगला आला. घरात सगळे खूश झाले, मी सोडून. कारण आता उजवा डोळा झाकला की डाव्यानं मला तुळशीचं वृंदावन दिसायचं, पण त्यातली तुळस दिसत नव्हती.

तेव्हा मी घाबरले. आतापर्यंत भीती हिऱ्याची होती, आता डोळ्याची झाली.

लेकीनं ऐकलेला आवाज

पल्लवीनं मोबाइलवर माझा चेहरा पाहिला आणि गॉगल काढायला लावला. दुसऱ्या दिवशी ती गावात हजर. बापाशी भांडली, आजोबांशी भांडली आणि आम्हा सगळ्यांना गाडीत घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली डॉक्टर पल्लवीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं मला डोळे मिटायला सांगितले, स्टेथोस्कोप छातीवर न लावता माझ्या डाव्या पापणीवर अलगद टेकवला आणि ऐकत राहिली. मग तिनं कानातल्या नळ्या काढून पल्लवीच्या कानात घातल्या.

पल्लवीचा चेहरा मी उजव्या डोळ्यानं पाहिला. ती रडायला लागली. "आई, हे काय आहे? हे तुला सारखं ऐकू येतं?"

"महिना झाला," मी म्हणाले.

"आणि तू सांगितलं नाहीस?"

काय सांगू तिला? पण एक सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा हायसं जास्त वाटलं. माझ्या डोक्यातला पंप दुसऱ्या कोणाला तरी ऐकू आला होता. मी वेडी नव्हते.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसली. "काकू, तुमच्या वयात इतक्या झपाट्यानं हे बहुतेक वेळा डोक्याला मार लागूनच होतं. डोळ्याची नजर रोज कमी होते आहे. आता मला खरं सांगा."

मामाजी दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता बोलले.

"पोळ्याले हिऱ्यानं मान झटकली. माशी बसली होती त्याच्या कानावर. मी ओट्यावर पडली."

हे म्हणाले, "काय?" मामाजी वळले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेला माझा हिऱ्या.

डॉक्टरनं मग कागदावर चित्र काढून समजावलं. मी ते गावातल्या बायांना कसं सांगते, ते इथे सांगते. मेंदूकडे जोरानं रक्त नेणारी एक मोठी नळी डोळ्याच्या मागून जाते, आणि वापरलेलं रक्त परत आणणारी शीर तिच्या अंगालाच असते. माझ्या नळीला मारानं आतल्या आत भेग पडली. विहिरीवरच्या मोटरचा पाइप फुटून पाणी निचऱ्याच्या नालीत सुटलं की नाली भरते आणि उलटी वावरात शिरते ना, तसं. डोळ्यातून परत जाणारं रक्त तुंबलं, म्हणून डोळा पुढे आला. मोटरचा जोर थेट तिथे पोचला, म्हणून तो ठोक्याठोक्याला उडायचा. आवाज त्याच गळतीचा होता.

"डोकं उघडावं लागंन?" ह्यांनी विचारलं.

"नाही. मांडीच्या नळीतून बारीक तार वर नेऊ आणि तारेचीच गुंडाळी घालून भेग बुजवू. पण वेळ घालवायचा नाही. आजच दाखल व्हा."

लाज आणि सही

वॉर्डात तासातासाला थेंब, मग रक्तदाब, मग पुन्हा थेंब. पापणी पूर्ण मिटत नव्हती म्हणून रात्री डोळ्यात मलम भरून वर पट्टी लावत. शेजारच्या खाटेवर चिखलदऱ्याकडची एक आजी होती, मोतीबिंदूची. डॉक्टर तिला बोटं मोजायला लावत, तसंच तिला कोणाला तरी लावायचं होतं, म्हणून ती दर थोड्या वेळानं माझ्यासमोर बोटं धरून विचारायची, "सांग किती?" मी दुप्पट सांगायचे आणि ती मोठ्यानं हसायची. त्या दोन दिवसांत मी हसले ती तिच्याचमुळे.

तपासणीसाठी जांघेतले केस काढायला वॉर्डातल्या सुशीलाबाई आल्या. माझा जीव लाजेनं अर्धा झाला. त्या म्हणाल्या, "लाज घरी ठेवून याची असते, बाई. परत गेली का भेटते ती. कुठी पळून नाई जात." आणि जाताना त्यांनी न सांगता माझी वेणी घालून दिली. हाताला सलाइन होतं, मला घालता येत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात पल्लवी बापाला बोलत होती. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्ही दीड महिना काय बघत होता?"

"तिनं सांगतलंच नाई तं मी काय करू?"

"तुम्ही विचारलं का?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, त्यांना बोलू नको गं, दोष माझा आहे. पण ते बोलायलाही मला लाज वाटली.

मग सहीचा कागद आला. त्यावर काय काय होऊ शकतं ते लिहिलं होतं. लकवा होऊ शकतो. डोळा जाऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. पल्लवी म्हणाली, "बाबा करतील सही." मी म्हणाले, "काहून? डोया माहा, सही माही." कागदावर दोन रेघा दिसत होत्या. एक डोळा झाकला, खरी रेघ शोधली आणि चांगल्या मोठ्या अक्षरांत सही केली. भीती होती. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याचं बळ फार असतं, हे मला तेव्हा कळलं.

पंखा

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि मांडीवर जड पुडकं ठेवलेलं होतं. पाय हलवायचा नाही, असं कोणीतरी सांगत होतं. मी ऐकत पडले. छतावरचा पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. मला ते सगळं ऐकू येत होतं, कारण पंप बंद झाला होता.

मी "बंद झाला" एवढंच म्हणाले आणि रडले. पल्लवीला वाटलं, दुखतंय. ती नर्सला हाका मारत सुटली. "बंद झाला वो माय, बंद झाला," मी म्हणत राहिले. अमरावतीत त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.

मामाजी

तिसऱ्या दिवशी मामाजी आले. इतके दिवस ते पल्लवीच्या खोलीवर होते, पण वॉर्डात पाऊल टाकलं नव्हतं. हातात थर्मास होता. त्यांनी स्टूल ओढला, बसले आणि खाली बघत म्हणाले, "मंदा, मी पायलं होतं."

"काय पायलं?"

"पोळ्याले. त्यानं तुले पाडलं ते. गोठ्याच्या दारातून दिसलं मले."

ते बोलत राहिले. "तू उठली. ताट उचललं. काई बोलली नाई. मी म्हटलं, लागलं नसंन. तू बोलली असती तं मले तो विकावाच लागला असता. मंग मीबी नाई बोललो."

"अन् अकोल्यात? डॉक्टर इचारत होते तवा? तुमी तं माह्या बाजूले बसले होते."

"तू नाही म्हटलं," ते म्हणाले. "मले तठी माह्याच शब्दाचं भेव वाटलं."

मला राग आला. भयंकर राग आला. माझं मी लपवलं ते समजू शकत होते. पण ह्या माणसाला माहीत होतं! माझा डोळा रोज पुढे येताना त्यांनी पाहिला आणि गप्प राहिले. मी म्हणाले, "मी त्याच्यासाठी लपवलं, तुमी बी त्याच्याचसाठी लपवलं, अन् त्याच्यात डोया गेला माहा." ऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर पोरासारखा रडला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा थर्मास घेऊन आले. तेव्हाही नाही घेतला. त्याच्या पुढच्या दिवशी घेतला, कारण चहा गरम होता आणि माणूस आपला होता. "जाऊ द्या, विसरा," असं मात्र मी म्हटलं नाही आणि त्यांनीही ते मागितलं नाही. फक्त उठताना म्हणाले, "हिऱ्याले नाई विकत. नियम मोडला मी." मी म्हणाले, "महिन्याआधी मोडाचा होता."

आता

डोळा आठवड्या-दोन आठवड्यांत बराच आत गेला. लाली उतरायला महिना लागला. एकाचे दोन दिसणं चार महिने राहिलं. तेवढे दिवस मी एका डोळ्यावर पट्टी बांधून स्वयंपाक केला, आणि कोणाचंही बोट कापलं नाही. डाव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी वाचता येत नाहीत, त्या आता येणारही नाहीत. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की मी आधी आले असते तर त्या बहुधा राहिल्या असत्या. ते ऐकताना जीव जळला, अजूनही कधी कधी जळतो. पण तुळस दिसते. सुईत दोरा उजव्यानं ओवते. वावरात जाते.

तुमच्या घरात कोणाचा डोळा लाल होऊन पुढे यायला लागला, एकाचे दोन दिसले किंवा डोक्यात ठोक्यासारखा आवाज आला, तर थेंबांवर दिवस काढू नका. डोळा पापणीखाली उडतो का ते बघा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. बरं होतं, मी झालेच की. आणि मार लागला असेल तर सांगा. बैलाचा असो, नवऱ्याचा असो, गाडीवरून पडल्याचा असो. डॉक्टरला त्यात कोणाला शिक्षा करायची नसते.

परवा सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो. पल्लवी होती, मामाजी होते. डॉक्टर खूश होती. म्हणाली, आता सहा महिन्यांनी या. मग सहज मामाजींकडे वळली. "आजोबा, तुम्ही कसे आहात? काही त्रास?"

"मले काय धाड भरली!" मामाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली.

"जिना चढतो तं छातीत धरते," ते म्हणाले. "दिवाळीपासून."

पल्लवीनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टर उठून जवळ आली आणि त्यांना शर्ट उघडायला सांगितला. सव्वीस वर्षं मी ह्या माणसापुढे डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. त्यांना बटणं निघेनात, म्हणून वरची दोन मी काढली.